पहिल्या डब्याचं हळद-कुंकू

आमच्या घरात जे काही चांगलं झालं ते भांडणातून झालं. ही डबे चिकटवायची खळसुद्धा.

मी अमरावतीला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. बायकोचा अकोल्यात मिठाईच्या डब्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, तर टिनाच्या छपराची एक लांबट खोली, पुठ्ठा कापायचं एक मशीन आणि सतरंजीवर बसून डबे चिकटवणाऱ्या चार-पाच बाया. तो तिला तिच्या आईकडून आलेला. लग्न ठरतानाच तिनं सांगितलं होतं, "मी अमरावतीले येऊन बसनार नाई. माया कारखाना हाय." त्यामुळे आठवडाभर मी अमरावतीत एका खोलीवर आणि शनिवारी एसटीनं मूर्तिजापूरवरून अकोल्याला, असा आमचा संसार. लोक म्हणायचे, वेगळे राहता म्हणून टिकलं. त्यांना काय माहीत, आम्ही फोनवर किती भांडायचो!

दिवाळी उलटल्यावर एका रविवारी आम्ही दोघं भाजीला निघालो होतो. वाटेतल्या नाल्यापाशी ती एकदम थांबली. नाल्यात तिचेच डबे साचले होते. लाल काठाचे, कोपऱ्यात कमळ असलेले. काही पाण्यानं फुगले होते, काही काठावर कोणीतरी पेटवून दिले होते आणि त्यांचा घशात बसणारा काळा धूर येत होता. ती तशीच तडक रद्दीवाल्याकडे गेली आणि त्याला फैलावर घेतलं. पेपर घेतोस, खोकी घेतोस, माझ्या डब्यांनी तुझं काय घोडं मारलं? तो बिचारा म्हणाला, "बाई, त्याचा गोंद पान्यात सुटत नाई. कागदमिलवाले गाडी वापस करतेत."

घरी येईपर्यंत ती माझ्या चार पावलं पुढे चालत राहिली. मग भाजीची पिशवी ओट्यावर आदळली आणि म्हणाली, "तुमी इतके वर्सं पोट्ट्याईले काय शिकवून राह्यले जी? माया डब्याचा पुन्हा कागद होत नाई, आन् तुमाले काईच वाटत नाई?"

आता यात माझा काय दोष? मीही चिडलो. बाजारातला पांढरा गोंद वाळला की त्याचं प्लास्टिकच होतं, हे तिला समजावून सांगितलं. कागदाचा लगदा करताना तो विरघळत नाही, त्याचे बारीक चिकट ठिपके होतात, ते नव्या कागदावर उमटतात, मशीनला चिकटतात, कागद फाटतो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग दुसरा गोंद करा." दुसरी भाजी करा म्हणावं तशी म्हणाली.

चिंचोक्याचं आधी तिच्या डोक्यात आलं की माझ्या, हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात हे तिनं लहानपणी पाहिलं होतं, आणि मी पुस्तकात वाचलं होतं. मी अजूनही म्हणतो, माझ्या. आता भांडायला समोर कोणी नाही, म्हणून हवं तेवढं म्हणू शकतो.

चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, पीठ करायचं, शिजवायचं आणि खळ टिकावी म्हणून चिमूटभर टाकणखार घालायचा. ऐकायला सोपं आहे. पहिली खळ पातळ झाली, दुसरीला बुरशी आली, तिसरीचा वास एवढा सुटला की बाया तोंडाला पदर लावून बसल्या. चौथी छान जमली असं वाटलं, म्हणून बायकोनं मला न विचारता त्या खळीचे डबे बाळापूरच्या एका हलवायाला देऊन टाकले. पावसाळ्याचे दिवस. बारशाच्या घरी पाहुणे जमलेले, आणि डब्यांचे तळ सुटून बुंदीचे लाडू अंगणातल्या चिखलात. हलवायानं फोनवर माझा उद्धार केला. मी ताडताड बोलत कारखान्यात आलो, तर ही भिंतीला टेकून पोट धरून हसत होती. "बाप्पा! तळ सुटला! तुमची खळ पावसाले भ्याली जी!"

"माझी खळ? चांगली असली की आपली, आणि तळ सुटला की माझी?"

"हाव ना," ती म्हणाली.

खरी गोम तिथेच होती. डब्यानं दमटात टिकायला हवं, तुपात टिकायला हवं, जोड ओढला तर कागद फाटावा पण जोड सुटू नये. आणि त्याच जोडानं मिलच्या कोमट पाण्यात मुकाट्यानं सगळं सोडून द्यावं. दोन्ही गोष्टी एकाच खळीनं करायच्या. आमचे शनिवार-रविवार त्यातच जाऊ लागले. मी अमरावतीहून नवीन प्रमाण घेऊन जायचो, ती त्यानं डबे चिकटवायची, आणि ते डबे मी पिशवीत घालून परत कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणायचो.

तिथली परीक्षा अशी. डब्यांचे हातानं तुकडे करायचे, पण जोड उघडायचा नाही, मुरलेला जोड जसाच्या तसा पाण्यात गेला पाहिजे. मग ते कोमट पाण्यात भिजवून बोथट पात्याच्या मोठ्या मिक्सरमध्ये घुसळायचे. लगदा बारीक जाळीवर ओतून त्याची गोल चकती करायची, दाबायची, वाळवायची. मग ती खिडकीशी उजेडात धरायची. एकही ठिपका दिसला नाही तर पास. बायको त्या चकतीला पापड म्हणायची. शनिवारी दारात पाय ठेवला की आधी विचारायची, "पापड कसा निंगाला?" चहा नंतर.

एकदा मात्र तिनं माझा पार अंत पाहिला. खळ जमत आली होती, आणि नेमका त्या वेळी पापड गुलाबी निघाला. मधे मधे विटकरी ठिपके. मी चक्रावून गेलो. चिंचोक्याचं टरफल राहिलं म्हणावं, तर नाही. पाणी खराब म्हणावं, तर नाही. भांडी पुन्हा घासली, जाळी बदलली, टाकणखाराची नवी पुडी फोडली. शेवटी शनिवारी जेवताना मी तिच्यासमोर डोकं धरून बसलो, तेव्हा ही भाकरी मोडता मोडता म्हणाली, "आवं, पयल्या डब्याले म्या हळद-कुंकू लावलं होतं, त्याचं तं नसंन?"

घास माझ्या हातातच राहिला.

"काय लावलं होतंस?"

"हळद-कुंकू. आता खळ जमून राह्यली, नवीन काम हाय. पयल्या डब्याले लावाच लागते. माय लावे, मी बी लावतो."

"मग मला कसं दिसलं नाही?"

"दिसंन कसं? आतून लावलं न. जोडाच्या पट्टीवर बोट टेकवाचं आन् वरून खळ. देवाचं काम दाखवाचं थोडी असते."

हळदीला टाकणखार लागला की ती विटकरी लाल होते. हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर लिहून देतो. आणि माझ्याच घरात, माझ्याच खळीखाली! मी असा काही तडकलो की शेजारच्यांनी खिडकीतून डोकावून पाहिलं. प्रयोग म्हणजे काय पूजा आहे का? बाहेरची एक गोष्ट आत गेली की सगळं मातीत! ती शांतपणे जेवत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं? आता भात घ्या." मग हसायला लागली. मलाही हसू आवरेना. आमचं हे असंच होतं.

शेवटी खळ जमली. दमटात टिकली, पाण्यात सुटली. पण ताज्या जोडावर विसंबून चालत नाही. गोंद जुना झाला की हट्टी होतो, आज विरघळणारा वर्षानंतर विरघळेलच असं नाही. आणि डबे कोणाच्या घरात वर्ष-वर्ष पडून राहतात, बाया त्यात सुया ठेवतात, बटणं ठेवतात. ही परीक्षा राहिली होती. मी म्हटलं, भट्टीत ठेवून लवकर जुने करू. ती म्हणाली, "अकोल्याचा उन्हाळा असताना भट्टी काहून पायजे? माळ्यावर टाका. सारं ऊन खातीन, सारा पाऊस खातीन. मंग पाहू." कारखान्याच्या टिनाखालचा माळा म्हणजे उन्हाळ्यात तव्याच्या वरताण. तिचं म्हणणं मला पटलं, पण मी तसं तोंडानं कबूल केलं नाही.

गुढीपाडव्याला तिनं ते डबे चिकटवले. सगळे स्वतःच्या हातानं, एका बैठकीत, म्हणजे हात बदलला म्हणून जोड बदलला असं व्हायला नको. तिच्या जोडीला नेहमी बसणाऱ्या भाभी अजून यायच्या होत्या. भाभी तिच्या आईच्या वेळेपासून तिथे काम करणाऱ्या. मी दारात उभं राहून बजावलं, "या डब्यांना हळद-कुंकू लावशील तर बघ. वर्ष वाया जाईल." तिनं वर पाहिलं, खळ न लावलेला पहिला जोड डाव्या अंगठ्यानं दाबून पाहिला आणि म्हणाली, "बरं जी. नाई लावत." आणि अशी हसली की माझी खात्रीच पटली, ही लावणार. मी अमरावतीच्या गाडीला निघून गेलो.

चिकटवलेले डबे ती एकावर एक रचत गेली. मग वरून मोजून तीन गठ्ठे बांधले. वरचा पावसाळ्याआधी तपासायचा, मधला दसऱ्याला, आणि सगळ्यात खालचा पुढच्या पाडव्याला. पहिला चिकटवलेला डबा साहजिकच तळाशी, म्हणजे वर्षाच्या गठ्ठ्यात.

वरच्या गठ्ठ्याचा पापड स्वच्छ निघाला. ती तो घेऊन बायांना दाखवत फिरली.

श्रावणात तिचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर राखीच्या ऑर्डरी आहेत. मग गणपतीच्या. मी फोनवर ओरडायचो, ती फोन बाजूला ठेवून डबे चिकटवायची. मला पलीकडून पुठ्ठ्याचा आवाज यायचा. एका शनिवारी मी घरी आलो तर दारात उभी. डोळे पिवळे, हात पिवळे, कपाळ पिवळं. मी दारातच बसलो. ती म्हणाली, "पाहा जी. मले पुन्हा हळद लागली."

स्वादुपिंडाचं दुखणं होतं. फार पुढे गेलेलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आणि मी आत गेलो तर तिनं आधीच माझ्या तोंडावरून वाचलं होतं. त्या दिवशी आम्ही भांडलो नाही. तेच मला सगळ्यात भयंकर वाटलं.

दसऱ्याला ती दवाखान्यात होती. मी मधला गठ्ठा घेऊन अमरावतीला गेलो, पापड केला, खिडकीशी धरून फोटो काढला आणि तिला पाठवला. तिचा फोन आला. आवाज पार खोल गेला होता.

"ठिपका हाय का?"

"नाही."

"मंग वर्साचा राह्यला."

"ते बघू गं नंतर."

"नंतर नाई," ती म्हणाली. "सारे घालजा. एकबी ठेवाचा नाई. तुमी ठेवसान, मले माहीत हाय. एक कमी घातला तं मंग म्हनसान, पापड बरोबर नाई झाला. सारे घालजा. माया डब्याचा कागद झाला का नाई, थे मले पायजे."

मी हो म्हटलं. पाडवा अजून सहा महिने लांब होता.

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत ती गेली. दुपारी, मी पाणी आणायला उठलो तेवढ्यात. गल्लीतल्या बाया आल्या, तिला हिरवं पातळ नेसवलं, कपाळभर हळद-कुंकू लावलं, ओटी भरली. एकजण म्हणाली, "नशीबवान. सवाष्ण गेली." माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! तिला मरून दाखवायचं होतं का नशीब?  बोललो असतो तर तिनंच मला गप्प केलं असतं. मी त्या कपाळाकडे बघत बसलो. ओल्या हळदीवर कुंकू पसरत होतं.

त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. कॉलेजात जायचो, शिकवायचो, खोलीवर यायचो. शनिवारी पाय आपोआप बसस्टँडकडे वळायचे. अकोल्याच्या घराचं कुलूप काढायचो, आणि दारात कोणी पापडाचं विचारायचं नाही. मी बॅग खाली न ठेवता तसाच उभा राहायचो. मग स्वतःच चहा टाकायचो, दोघांचा. ओतायचा कुठे, तर मोरीत. कारखाना भाभी चालवत होत्या. मी तिकडे फिरकलोच नाही. माळ्यावर तिचे डबे आहेत हे मला झोपेतही ठाऊक होतं. तिच्या हातचं आता तेवढंच उरलं होतं. लोणचं केव्हाच संपलं होतं.

पाडवा आला. पुण्याला असणारी आमची मुलगी फोनवर रडत म्हणाली, "बाबा, एक तरी ठेवा ना. एकानं काय होतंय?" खरं सांगतो, एक कमी घातला असता तर आभाळ कोसळलं नसतं. थोडं पाणी कमी घेतलं असतं, भागलं असतं. मला ते कळत होतं. पण मी हो म्हटलं होतं, आणि तिनं मला बरोबर ओळखलं होतं, याचाच राग येत होता. मी मुलीवरच खेकसलो आणि फोन ठेवला. मग पुन्हा लावला आणि म्हटलं, "एकही ठेवायचा नाही, असं ती म्हणाली होती गं. काय करू मी?"  फोन ठेवून मी चपला घातल्या.

मी कारखान्यात गेलो. भाभींनी शिडी लावली, मी वर चढलो. गठ्ठा सुतळीनं बांधलेला, वर धुळीचा थर. वर्षभराच्या उन्हानं पांढरा पुठ्ठा जरा पिवळट पडला होता. मी तो खाली आणला आणि झटकायला लागलो, तर भाभी म्हणाल्या, "रहने दो भाईसाब," आणि त्यांनी स्वतःच्या ओढणीनं तो पुसला.

मी विचारलं, "भाभी, त्या दिवशी तुम्ही बाजूलाच बसला असाल. पहिल्या डब्याला तिनं हळद-कुंकू लावलं होतं का?"

भाभींनी आठवून पाहिलं. "मी उशिरा आली होती त्या दिवशी. आधीचे डबे होऊन गेले होते." मग माझ्याकडे बघून थोडं हसल्या. "पर वो किसी की सुनती थी क्या? लगाया होगा."

लगाया होगा. मी ते दोन शब्द घेऊन निघालो. तेच मला हवे होते. प्रयोग नासू दे, वर्ष वाया जाऊ दे, दहा वर्षं जाऊ देत. त्या गठ्ठ्यात, सगळ्यात खालच्या डब्यात, तिचं बोट टेकलेलं असणार होतं. पापड गुलाबी निघणार होता. तो मी ठेवणार होतो. सारे डबे घालून, तिचा शब्द पाळून, तो पापड मात्र माझा. तिला दिलेल्या शब्दात पापडाचं काही नव्हतं.

गठ्ठा मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो. सुतळीत बोटं अडकवून ठेवली होती. मूर्तिजापूरला एक म्हातारेबुवा शेजारी येऊन टेकले. धोतर सावरत त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलं.

"डबे मिठाईचे दिसतेत. पोरीचं जमलं काय?"

मी म्हटलं, "हाव."

"बरं झालं. पन मंग पेढा नाई देत?"

"रिकामे हायेत बाबा."

"भरतीन, भरतीन," असं म्हणून त्यांनी माझा गुडघा थोपटला आणि बडनेऱ्यापर्यंत डुलक्या घेतल्या. मी खिडकीकडे तोंड करून बसलो. बाहेर वावरं उघडी पडली होती, काळी, नांगरलेली. मला हमसून रडायचं होतं, पण त्या बुवाच्या आनंदावर कशाला पाणी ओता?

प्रयोगशाळेत सुट्टीमुळे कोणी नव्हतं. मी सुतळी सोडली. डबे एकेक करून हातात घेतले. लाल काठ, कोपऱ्यातलं कमळ. प्रत्येक जोडावर एका टोकाशी पुठ्ठा किंचित दबलेला होता. तिचा डावा अंगठा. ती तिथे दाबून पाच-सहा श्वास थांबायची, आणि त्या वेळात बायांना काहीतरी सांगत असायची. मी प्रत्येक ठिकाणी माझा अंगठा टेकवून पाहिला. माझा मोठा होतो.

एक जोड ओढून पाहायचा होता, नियमाप्रमाणे. ओढला. कागद फाटला, जोड सुटला नाही. बाई, तू काय चिकटवलंयस!

तळाचा डबा मी शेवटी घेतला. जोड उघडून बघावा असं फार वाटलं. नख घातलंही होतं. पण उघडला तर परीक्षा मोडते, आणि ती वरून म्हणाली असती, घाई झाली काय जी? मी त्याचे तुकडे केले. करताना आवाज झाला, साधा पुठ्ठा फाटल्याचा. तो मला सोसवेना. मी मोठ्यानं काहीतरी बडबडत राहिलो, तापमान, पाणी, वजन, वर्गात बोलतो तसं.

पाण्यात तुकडे भिजले. कमळं आधी फुगली, मग मऊ पडली. मिक्सर सुरू केला आणि वरून बघत राहिलो. लाल काठ विरत गेला, कमळ गेलं, आणि जोडसुद्धा हळूहळू सैल होऊन उघडले. सगळं राखाडी झालं. त्यात मी पिवळं शोधत होतो. राखाडीत काय दिसणार?

चकत्या केल्या, दाबल्या, वाळवल्या. वाळेपर्यंत मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. मग पहिली चकती उचलून खिडकीशी धरली. बाहेर लख्ख ऊन होतं.

ठिपका नव्हता. डाग नव्हता. गुलाबी नाही, विटकरी नाही, पिवळी झाकसुद्धा नाही. साधा, राखाडी, स्वच्छ कागद. त्यावर लिहिता आलं असतं. दुसरी चकती पाहिली, तिसरी पाहिली. तशाच. आमची खळ वर्षभर टिनाखाली भाजून, पावसात मुरूनसुद्धा पाण्यात पूर्ण सुटली होती. तिच्या डब्याचा पुन्हा कागद झाला होता. इतक्या वर्षांत माझ्या हातून एवढं चांगलं काम झालं नव्हतं.

मी धुण्याचा सोडा पाण्यात कालवला. डोळ्यांना न दिसणारी हळद असली तरी सोड्याच्या पाण्यानं ती लाल होते. ड्रॉपर घेतला आणि चकतीवर एकेक थेंब टाकत गेलो. मधे टाकला, कडेला टाकला. प्रत्येक थेंबाखाली कागद ओला होऊन काळपट व्हायचा, आणि मी वाकून बघायचो, आता लाल होईल. आता होईल. चकती भिजून फाटली. दुसरी घेतली. ती फाटली. जाळीवर टाकला, मिक्सरच्या कडांवर टाकला, टिपकागदावर टाकला, बादलीतल्या उरलेल्या पाण्यात सगळा सोडा ओतून टाकला. पाणी होतं तसंच राहिलं.

लावलं नव्हतं. नाही लावत म्हणाली होती, आणि लावलं नव्हतं.

मुलीचा फोन आला. "बाबा, झालं?"

"पास झालं," मी म्हटलं. "एकही ठिपका नाही. तुझ्या आईचं काम पक्कं."

ती तिकडे हुंदके देत हसली. मी फोन ठेवला.

अख्ख्या जन्मात त्या बाईनं माझं एक ऐकलं नाही. अमरावतीला चल म्हटलं, ऐकलं नाही. बाळापूरला डबे देऊ नको म्हटलं असतं तरी ऐकलं नसतं. डॉक्टरकडे चल म्हणून घसा फोडला, ऐकलं नाही. आणि ऐकलं ते हे. ओल्या चकत्यांचे तुकडे माझ्या हाताला लागले होते, आणि रिकाम्या प्रयोगशाळेत मी मोठ्यानं ओरडलो, तिच्याच बोलीत, जी मी आयुष्यभर तिच्याशी कधी बोललो नव्हतो:

"काहून ऐकलं वं मायं? काहून ऐकलं?"